'ती जनरेशन' आणि 'ते जनरेशन': एका इंग्रजी शब्दाचा रोजचा वापर

भुसावळला माझ्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात दीपनगरच्या कॉलनीतून एक मुलगी यायची. पहिल्याच आठवड्यात घरच्या माणसांवर पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. तिचं दुसरं वाक्य होतं, 'माय फादर इज इन जनरेशन.' मी लाल पेनाने काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'कोणत्या जनरेशनमध्ये? वाक्य अपुरं.' ती वही घेऊन टेबलाजवळ आली. "मॅडम, पप्पा जनरेशनलाच आहेत. काका डिस्ट्रिब्युशनला आहेत."

काट मलाच मागे घ्यावी लागली. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाची विभागणी झाली तेव्हा वीज तयार करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी पोचवून बिल देणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. महानिर्मितीच्या इंग्रजी नावातच 'पॉवर जनरेशन' आहे. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या पोरीच्या कानावर हा शब्द 'पिढी' या अर्थाने पडायच्या आधी 'वीजनिर्मिती' या अर्थाने पडलेला. मी मात्र पुस्तकातली एकच जनरेशन घेऊन बसले होते.

तेव्हापासून हा शब्द मी वर्गात नीट दोन तास घेते. त्या दोन तासांत जे सांगते ते इथे क्रमाने लिहिलं आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचा, म्हणजे कानाला वळण लागेल.

आधी ठरवा: ती की ते?

मराठी बोलताना हा शब्द आपण दोन लिंगांत वापरतो, फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही. पारावरचे आबा म्हणतात, "ही नवी जनरेशन कुणाचं ऐकत नाही." घरावर सोलर पॅनल बसवलेला शेजारी मोबाइलमधलं ॲप बघून म्हणतो, "आज ढग होते, जनरेशन कमी झालं." एकीकडे 'ही', दुसरीकडे 'झालं'. ती जनरेशन म्हणजे पिढी आणि ते जनरेशन म्हणजे उत्पादन. पिढी स्त्रीलिंगी, उत्पादन नपुंसकलिंगी, आणि या पाहुण्या शब्दाने ज्या घरी उतरला त्या घरचं लिंग घेतलं.

काही जण पिढीलाही 'हे जनरेशन' म्हणतात. तेव्हा शंका आली की त्या जागी 'पिढी' आणि 'निर्मिती' हे दोन्ही शब्द आळीपाळीने ठेवून बघायचे. जो बसेल तो अर्थ.

हे आधी ठरवायचं कारण इंग्रजी व्याकरण सगळं यावरच उभं आहे. पिढ्या मोजता येतात: एक पिढी, तीन पिढ्या. म्हणून या अर्थाने 'अ जनरेशन', 'थ्री जनरेशन्स' असं लिहिता येतं. निर्मिती पाण्यासारखी, तिला एक-दोन करता येत नाही. म्हणून 'अ पॉवर जनरेशन' नाही आणि 'पॉवर जनरेशन्स'ही नाही, नुसतं 'पॉवर जनरेशन'.

दोन अर्थ एका शब्दात कसे आले? लॅटिनमधलं 'जेनेरारे' म्हणजे जन्म देणं. आपल्याकडचा संस्कृत 'जन्' धातू त्याच कुळातला. त्यातूनच जनक, जननी, प्रजा हे शब्द आले. म्हणजे एका बाजूला साधारण एकाच काळात जन्मलेली माणसं, दुसऱ्या बाजूला काहीतरी जन्माला घालण्याची क्रिया. मूळ कळलं की अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

पिढी: 'पासून' आणि 'फ्रॉम'चा घोळ

वह्या तपासताना सगळ्यात जास्त लाल शाई जिथे सांडते ती ही जागा, म्हणून इथे जरा थांबू.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजतात. नोकरीसाठी सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येतात. या सणावर लिहा म्हटलं की निम्मा वर्ग हेच वाक्य लिहितो: 'फ्रॉम मेनी जनरेशन्स वी आर सेलिब्रेटिंग कानबाई.'

वाक्य मराठी आहे, कपडे इंग्रजी घातले आहेत. 'कित्येक पिढ्यांपासून' मधल्या 'पासून'चं 'फ्रॉम' झालं आणि 'करतोय'चं 'आर सेलिब्रेटिंग'. इंग्रजीत लांबी सांगायची असेल तर 'फॉर' लागतो आणि आजवर चालत आलेल्या गोष्टीला 'हॅव' किंवा 'हॅज':

'आवर फॅमिली हॅज सेलिब्रेटेड कानबाई फॉर जनरेशन्स.'

इथे 'मेनी'सुद्धा नको. 'फॉर जनरेशन्स' म्हणजेच पिढ्यान्‌पिढ्या. आकडा द्यायचा असेल तर तो मध्ये घाला: 'वी हॅव बीन ग्रोइंग बनानाज फॉर थ्री जनरेशन्स.' रावेर-यावलच्या पोरांना मी हे वाक्य पाठच करायला लावते. कृषी अधिकाऱ्याच्या मुलाखतीत कामी येतं.

'फ्रॉम' अगदीच हद्दपार नाही. एका हातातून दुसऱ्या हातात काही जातं तेव्हा तो येतो, पण जोडीदाराला घेऊन: 'फ्रॉम जनरेशन टु जनरेशन'. कानबाईची गाणी कुणी वहीत बघून म्हणत नाही, सासूच्या तोंडून सुनेच्या तोंडी जातात. 'द सॉन्ग्स हॅव बीन पास्ड डाउन फ्रॉम जनरेशन टु जनरेशन.' या जोडीत 'अ' नाही, 'द' नाही, 'स'ही नाही. 'फ्रॉम अ जनरेशन टु द जनरेशन' असं काही लिहू नका.

खापरावरच्या मांड्यांचंही असंच आहे. उलट्या खापरावर पुरणाचा मांडा टाकायला काय लागतं ते लिहून सांगता येत नाही. गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि फाटायच्या आत खापरावर सोडायचा. माझी आजी करायची, आईला निम्मं जमतं, मी विकत आणते. यावर इंग्रजीत वाक्य करायचं तर: 'द स्किल डिड नॉट सर्व्हाइव्ह माय जनरेशन.' ते कौशल्य माझ्या पिढीत संपलं. वाक्य बरोबर आहे, एवढंच म्हणते.

मागे मोजत जायचं असेल तर 'गोज बॅक' वापरा. भाटाच्या वहीत घराण्याची नावं लिहिलेली असतात. ती वही नऊ पिढ्यांमागे जात असेल तर: 'द रेकॉर्ड गोज बॅक नाइन जनरेशन्स.' मध्ये 'टु' किंवा 'फ्रॉम' काहीच लागत नाही.

धिस की दीज, ओल्ड की ओल्डर

पिढीत माणसं हजारो असली तरी शब्द एकवचनी आहे. म्हणून 'दीज जनरेशन' चूक, 'धिस जनरेशन' बरोबर. क्रियापदही एकवचनी घ्या: 'धिस जनरेशन वॉन्ट्स क्विक रिझल्ट्स.' ब्रिटिश इंग्रजीत समूहवाचक शब्दापुढे कधी अनेकवचनी क्रियापद दिसतं, पण परीक्षेच्या पेपरात एकवचन धरा आणि निर्धास्त राहा.

'ओल्ड जनरेशन' आणि 'न्यू जनरेशन' हे आपण 'जुनी पिढी, नवी पिढी' यावरून बनवतो. माणसांबद्दल बोलताना इंग्रजीत तुलना करतात: 'द ओल्डर जनरेशन', 'द यंगर जनरेशन'. पुढे येणारी ती 'द नेक्स्ट जनरेशन'. 'न्यू' येतो तो 'ऑफ' लावून, एखाद्या गटाबद्दल: 'अ न्यू जनरेशन ऑफ फार्मर्स इज यूजिंग ड्रिप.' आणि 'नाउ-अ-डेज जनरेशन' हे वर्षातून वीस वेळा तरी मी खोडते. 'टुडेज जनरेशन' म्हणा.

वाक्यात माणूस त्या पिढीतला आहे हे सांगायला 'ऑफ' घ्यायचा: 'पीपल ऑफ माय जनरेशन', 'फार्मर्स ऑफ हिज जनरेशन'.

घरातली पिढी वयावर मोजत नाहीत, पायरीवर मोजतात. मोठ्या खटल्याच्या घरात काका पुतण्यापेक्षा चार वर्षांनी लहान निघतो. लग्नात पाया पडायची वेळ आली की पंचाईत होते. इंग्रजीत मात्र ते सरळ सांगता येतं: 'माय अंकल इज यंगर दॅन मी, बट ही इज अ जनरेशन अबव्ह मी.'

मधली आडवी रेघ

'फर्स्ट-जनरेशन', 'सेकंड-जनरेशन' ही जोडी पुढच्या नामाला चिकटते. तेव्हा मध्ये रेघ द्यायची आणि शेवटचा 'स' काढायचा. 'अ थ्री-जनरेशन फॅमिली' म्हणजे तीन पिढ्या एकत्र असलेलं घर. 'थ्री-जनरेशन्स फॅमिली' नाही. शंभर रुपयांची नोट इंग्रजीत 'अ हंड्रेड-रुपी नोट' होते, तिथेही 'रुपीज' नसतं. नियम तोच.

याला आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं उदाहरण अमळनेरचं. १९४५ मध्ये मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तेलाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. वडील गेल्यावर १९६६ मध्ये अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला आणि २०१९ मध्ये रिशद प्रेमजी अध्यक्ष झाले. म्हणजे अझीम प्रेमजी 'अ सेकंड-जनरेशन बिझनेसमन' आणि रिशद 'थर्ड-जनरेशन'. उलट तुमच्या भावाने कर्ज काढून पहिल्यांदाच दुकान टाकलं असेल तर तो 'अ फर्स्ट-जनरेशन आंत्रप्रन्योर'. बँकेच्या फॉर्मवर हा शब्द दिसला की घाबरायचं नाही. तुमच्या आधी घरात कुणी धंदा केला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षणातली जोडी मात्र सांभाळून वापरा. सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडून येणारी कित्येक मुलं घरात पहिल्यांदा शाळा बघतात. त्यांना 'फर्स्ट-जनरेशन लर्नर' म्हणतात. मुलाखतीत एका मुलाने सांगितलं, 'आय ॲम फर्स्ट जनरेशन ऑफ माय हाउस.' ऐकणाऱ्याला वाटेल याला आईबाप नव्हतेच, हा आकाशातून पडला. दोन दुरुस्त्या आहेत. 'अ' घाला आणि नाम जोडा: 'आय ॲम अ फर्स्ट-जनरेशन लर्नर.' किंवा हा शब्दच सोडा आणि म्हणा, 'आय ॲम द फर्स्ट इन माय फॅमिली टु गो टु कॉलेज.' मला दुसरं जास्त आवडतं. पहिल्यात सरकारी फायलीचा वास येतो, दुसऱ्यात माणूस बोलतो.

परदेशी गेलेल्यांबद्दल 'फर्स्ट-जनरेशन' वाचाल तेव्हा जरा थांबा. काही लिहिणारे स्वतः देश सोडून गेलेल्याला पहिली पिढी धरतात, काही तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना. मागचा-पुढचा मजकूर बघूनच ठरवावं लागतं.

काळ मोजायला

'अ जनरेशन अगो' म्हणजे साधारण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. तारीख नको असते, अंदाज हवा असतो, तेव्हा हे कामाला येतं. 'अ जनरेशन अगो, नंदुरबार वॉज पार्ट ऑफ धुळे डिस्ट्रिक्ट.' जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे माप बरोबर बसतं. 'विदिन अ जनरेशन' म्हणजे एका पिढीच्या आत, एवढ्या लवकर. 'वन्स-इन-अ-जनरेशन' म्हणजे पिढीतून एखाद्याच वेळी घडणारं, आणि याला रेघा द्यायच्या: 'अ वन्स-इन-अ-जनरेशन फ्लड'. बातम्यांत हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की दर पावसाळ्यात एक तरी दिसतो.

जेन झी वगैरे

पोरं हल्ली स्वतःला 'जेन झी' म्हणवतात. 'जेन' हे जनरेशनचं लघुरूप. 'झी' हा अमेरिकी उच्चार, आपण शाळेत 'झेड' शिकलो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या मोजणीत १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले मिलेनिअल आणि १९९७ ते २०१२ मधले जेन झी. त्याआधीची जेन एक्स, तिच्याआधी बेबी बूमर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बाळांची संख्या एकदम वाढली त्या काळातले. दुसरे अभ्यासक वर्षं थोडी मागेपुढे धरतात. वाक्यात वापरायचं तर: 'माय सिस्टर इज जेन झी, आय ॲम अ मिलेनिअल.'

पण ही कप्पेबंदी तिकडची. आपल्याकडे पिढी घटनेवरून ओळखतात. 'बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली पिढी' म्हटलं की ताटात भाकरीचा तुकडा न टाकणारी सगळी म्हातारी माणसं डोळ्यांपुढे येतात. त्यांना जन्मसालाची पाटी लागत नाही. इंग्रजीत: 'द जनरेशन दॅट लिव्ह्ड थ्रू द १९७२ ड्राउट.' हा साचा लक्षात ठेवा. 'द जनरेशन दॅट' म्हणायचं आणि पुढे जे काही त्या पिढीने पाहिलं, केलं, सोसलं ते घालायचं.

'जनरेशन गॅप' आता मराठीच झाला आहे. इंग्रजी वाक्यात त्याला 'अ' किंवा 'द' द्यायला विसरू नका: 'देअर इज अ जनरेशन गॅप बिट्वीन मी अँड माय सन.' वादावादी झाली की लगेच जनरेशन गॅप म्हणायची सवय मात्र बरी नाही. बाप ऐकत नाही आणि पोरगा बोलत नाही, यात पिढीचा दोष किती, हे ज्याचं त्याने बघावं.

वस्तूंच्या पिढ्या

'फाइव्ह-जी' मधला 'जी' म्हणजे जनरेशन, मोबाइल तंत्राची पाचवी पिढी. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. त्यामुळे 'फाइव्ह-जी जनरेशनचा फोन' म्हणजे 'लिंबाचं लिंबूपाणी' झालं. नुसतं 'अ फाइव्ह-जी फोन' पुरे.

आता जळगाव जिल्ह्याची गंमत. आपल्या केळीच्या 'जी-नाइन' मधला 'जी' याच घराण्यातला असेल असं पोरांना वाटतं. एकाने चक्क 'नाइन्थ-जनरेशन बनाना' लिहून आणलं होतं. तो 'जी' आहे ग्रँड नैन या वाणाच्या नावातला. फ्रेंच नाव आहे, अर्थ 'मोठा बुटका'. जनरेशनशी त्याचा काही संबंध नाही.

संगणकात ही जनरेशन ओळखता आली नाही तर खिसा कापला जातो. माझा कापला गेला आहे. वर्गासाठी वापरलेला लॅपटॉप घ्यायला एका दुकानात गेले. "लेटेस्ट जनरेशन आहे मॅडम," असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. घरी आल्यावर भाच्याने सेटिंगमध्ये बघितलं तर प्रोसेसरपुढे 'आय फाइव्ह' आणि आकडा ८२५०. सुरुवातीचा आठ म्हणजे आठवी पिढी. आकडा १२३५ असता तर सुरुवातीचे दोन अंक घ्यायचे, म्हणजे बारावी. इंटेलच्या 'कोअर आय' मालिकेत असं वाचतात. 'लेटेस्ट' हा शब्द पावतीवर नव्हता, म्हणून भांडताही आलं नाही. तेव्हा दुकानातच विचारा, 'व्हिच जनरेशन इज धिस प्रोसेसर?' आणि उत्तरात आकडा मागा. लिहिताना: 'ॲन एट्थ-जनरेशन प्रोसेसर'. एट्थ स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन'.

मोटारींतही हेच. नाव तेच ठेवून कंपनीने गाडी मुळापासून बदलली की ती 'सेकंड-जनरेशन मॉडेल'. नुसता बंपर आणि दिवे बदलले तर तो 'फेसलिफ्ट', त्याला पिढी म्हणत नाहीत.

शेतातल्या पिढ्या

शेतकऱ्याच्या घरातली मुलं इथे हमखास हात वर करतात. गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात एकामागून एक पिढ्या होतात, साधारण महिन्याला एक. मे महिन्यात पाण्यावर लावलेला पूर्वहंगामी कापूस पहिल्या पिढीला लवकर खाणं देतो आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात तसाच ठेवलेला कापूस, शेवटच्या पिढीला सांभाळते. म्हणून कृषी विभाग दोन्ही टाळायला सांगतो. वाक्य: 'द पेस्ट कम्प्लीट्स सेव्हरल जनरेशन्स इन वन सीझन.' किडीच्या पिढीलाही 'स' लागतो, कारण मोजता येते.

संकरित बियाण्याच्या पाकिटावरचं 'एफ-वन' म्हणजे संकरानंतरची पहिली पिढी. त्याच पिकातलं बी राखून पुढल्या वर्षी पेरलं तर ती 'सेकंड जनरेशन', आणि शेतात झाडं उंच-बुटकी, मागे-पुढे दिसतात. 'डोन्ट सेव्ह सीड फ्रॉम अ हायब्रीड. द नेक्स्ट जनरेशन वोन्ट बी युनिफॉर्म.'

केळीच्या पिलबागेला मात्र 'सेकंड जनरेशन' म्हणू नका. पहिला घड काढल्यावर त्याच खोडाच्या पिलावर धरलेलं पीक, त्याला इंग्रजीत 'रॅटून' असा वेगळा शब्द आहे. उसाच्या खोडव्यालाही तोच.

ते जनरेशन

आता दुसरं घर. इथे नियम थोडे आहेत, म्हणून पटकन उरकू.

'जनरेशन'च्या आधी ज्याची निर्मिती व्हायची ते ठेवा: 'पॉवर जनरेशन', 'इन्कम जनरेशन', 'एम्प्लॉयमेंट जनरेशन'. नाहीतर 'ऑफ' लावून मागे न्या: 'द जनरेशन ऑफ इलेक्ट्रिसिटी'. 'अ' नको, 'स' नको. दीपनगरच्या त्या मुलीचं वाक्य वीज कंपन्यांत चालतं, पण बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून एक शब्द वाढवायचा: 'माय फादर वर्क्स इन पॉवर जनरेशन.' कोळशावर चालतं ते 'थर्मल पॉवर जनरेशन', साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे ते 'सोलर पॉवर जनरेशन' आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पंखे फिरतात ते 'विंड पॉवर जनरेशन'.

बचत गटाच्या बैठकीत 'इन्कम जनरेशन ॲक्टिव्हिटी' हे हमखास कानावर येतं. बिबडे, पापड, शेवया करून विकणं, शेळ्या पाळणं हे सगळं त्यात बसतं. उद्योगासाठी कर्जावर अनुदान देणारी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावात 'एम्प्लॉयमेंट जनरेशन' आहे. अर्ज भरताना 'एम्प्लॉयमेंट टु बी जनरेटेड' असं लिहिलेलं दिसलं तर तिथे तुमच्या धंद्यामुळे किती जणांना काम मिळणार तो आकडा टाकायचा. एकाने तिथे 'थर्ड' लिहिलं होतं, म्हणजे घराची तिसरी पिढी. मी हसले नाही, कारण ती लाल काट मला अजून आठवते.

बोलताना नामापेक्षा क्रियापद बरं. 'टुडेज जनरेशन वॉज ट्वेल्व्ह युनिट्स' चूक नाही, पण 'आवर पॅनल्स जनरेटेड ट्वेल्व्ह युनिट्स टुडे' जास्त सरळ. 'मच' लावायचा तर क्रियापदालाच: 'द पॅनल्स डिडन्ट जनरेट मच टुडे.' संगणकावरही तेच. ओटीपी 'जनरेट' करतात, ई-वे बिल 'जनरेट' करतात, पासवर्ड 'जनरेट' करतात. 'जनरेशन' दिसतं ते पडद्यावरच्या मथळ्यात, नाहीतर तक्रारीत: 'ओटीपी जनरेशन फेल्ड.' आपण "ओटीपी आला नाही" म्हणतो, इंग्रजीतही 'आय डिडन्ट गेट द ओटीपी' म्हटलं की भागतं. हल्ली यंत्राकडून मजकूर, चित्रं करून घेतात तेही 'टेक्स्ट जनरेशन', 'इमेज जनरेशन'. म्हणजे पुन्हा 'ते'.

दोन नातेवाईक जाता जाता. 'रिजनरेशन' म्हणजे तोडलेलं, जळलेलं पुन्हा उगवून येणं. सातपुड्यातल्या जंगलाबद्दल वनखात्याच्या कागदांत हा शब्द फार. 'डीजनरेशन' म्हणजे झीज. गुडघ्याच्या एक्स-रेच्या अहवालात 'डीजनरेटिव्ह चेंजेस' वाचून काळजाचा ठोका चुकवू नका, वयामानाने झालेली झीज एवढाच त्याचा अर्थ. पुढचं डॉक्टरांना विचारा.

कुठे वापरू नये

'सात पिढ्या बसून खातील' याचं शब्दशः इंग्रजी करू नका. 'सेव्हन जनरेशन्स विल सिट अँड ईट' ऐकून गोरा माणूस पंगत शोधेल. 'दे हॅव इनफ मनी टु लास्ट जनरेशन्स' म्हणा. 'त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला' हे तर अजून अवघड. 'ही कर्स्ड माय होल फॅमिली' एवढ्यावर भागवा, चव थोडी जाते. 'वडिलोपार्जित शेत' हे 'ॲन्सेस्ट्रल लँड', त्यात जनरेशन नाही. आपल्यापुढे एक वर्ष शिकणाऱ्या मुलांना 'सीनियर जनरेशन' म्हणू नका, ते नुसते 'सीनियर्स'. सोबत शिकलेले 'माय बॅच'.

उच्चार

'जे-न-रे-शन'. 'ज' जेवणातला, जहाजातला नाही. आपण पहिलं अक्षर 'ज' करून 'जनरेशन' म्हणतो, मराठीत बोलताना खुशाल म्हणा, पण इंग्रजी वाक्यात 'जे' स्पष्ट काढा. जोर 'रे' वर. क्रियापदात जोर सुरुवातीकडे सरकतो आणि 'जे' वर येतो: 'जेनरेट'. दोन्ही शब्द पाठोपाठ दहा वेळा म्हणून बघा.

घरी करायचं

वही बंद ठेवून ही वाक्यं इंग्रजीत करा, मग खाली बघा. एक, आमच्या घरात चार पिढ्या एकत्र राहतात. दोन, आमच्याकडे तीन पिढ्यांपासून सोन्याचं दुकान आहे. तीन, पावसाळ्यात सोलरचं जनरेशन कमी होतं. चार, हा फोन मागच्या जनरेशनचा आहे. पाचवं अहिराणीत देते, माझी आजी म्हणायची ते: "आमनी पिढी गई, आते तुमनी शे."

पहिलं: 'फोर जनरेशन्स लिव्ह टुगेदर इन आवर हाउस.' दुसऱ्यात 'फ्रॉम' लिहिलं असेल तर वर जाऊन कानबाई पुन्हा वाचा: 'वी हॅव हॅड अ गोल्ड शॉप फॉर थ्री जनरेशन्स.' तिसरं: 'सोलर जनरेशन ड्रॉप्स इन द मॉन्सून.' चौथं: 'धिस इज अ प्रीव्हियस-जनरेशन फोन', रेघेसकट. पाचवं वर्गात कुणीतरी लगेच 'आवर जनरेशन इज गॉन, नाउ इट्स युअर्स' असं करतं, आणि ते बरोबरच आहे. फक्त आजीचा 'शे' त्यात कुठे बसवायचा, हे मला अजून जमलेलं नाही.